ज्या खात्याने अपात्र ठरवले, त्याच खात्याचे संचालक झालेले एड रॉबर्ट्स

१४ मार्च हा एड रॉबर्ट्स यांचा स्मृतिदिन. १९९५ साली, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याला आता तीस वर्षे उलटून गेली. अमेरिकेत दिव्यांगांच्या हक्कांच्या चळवळीचे एक जनक म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र समतेच्या चळवळीत काम करणाऱ्या अनेक कार्यकर्त्यांनीही हे नाव ऐकलेले नसते. म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो. दिव्यांग प्रमाणपत्र, पेन्शन, तीनचाकी सायकल यांचे फॉर्म भरून देणे हा आमच्या कामाचा नेहमीचा भाग आहे. हे काम करताना एक प्रश्न आम्हाला सतत छळतो. चालू न शकणाऱ्या माणसाला घराबाहेर पडण्यापासून नेमके कोण अडवते? त्याचे पाय, की त्याच्या वाटेतल्या पायऱ्या? एड रॉबर्ट्स यांचे आयुष्य म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हाला वाटते.

लोखंडी पेटीतला मुलगा

एडवर्ड रॉबर्ट्स यांचा जन्म २३ जानेवारी १९३९ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ या गावी झाला. एड खेळांत रमणारा मुलगा होता. १९५३ साली, चौदाव्या वर्षी, त्याला पोलिओ झाला. जोनास साल्क यांची पोलिओची लस सर्वांसाठी आली ती १९५५ मध्ये, म्हणजे एडसाठी दोन वर्षे उशिरा.

मानेखालचे जवळजवळ सगळे शरीर लुळे पडले. एका हाताची दोन बोटे आणि पायाची काही बोटे तेवढी हलत. छातीचे स्नायू गेल्यामुळे स्वतःहून श्वास घेता येत नव्हता. त्या काळी अशा रुग्णांना आयर्न लंग नावाच्या यंत्रात ठेवत. साडेतीनशे किलोहून अधिक वजनाची लोखंडी पेटी. डोके बाहेर, बाकी सगळे शरीर आत. पेटीतला हवेचा दाब कमी-जास्त होई, तशी छाती फुगे आणि बसे. पुढे एडने बेडकासारखे हवेचे घोट गिळून श्वास घ्यायची पद्धत शिकून घेतली. त्यामुळे दिवसाचे काही तास बाहेर काढता येऊ लागले. रात्री मात्र पेटीतच झोपावे लागे.

रुग्णालयात एका डॉक्टरने त्याच्या आईला सांगितले, की मुलगा जगला तरी एखाद्या भाजीपाल्यासारखा पडून राहील. ते एडच्या कानावर पडले. त्याने जेवण सोडून मरायचे ठरवले आणि तो हाडांचा सापळा झाला. नंतर एका टप्प्यावर त्यानेच ठरवले की जगायचे. पुढे आयुष्यभर ते हसत सांगत, की भाजीपालाच व्हायचे असेल तर आपण आर्टिचोक होऊ. आर्टिचोक ही वरून काटेरी आणि आतून मऊ अशी तिकडची भाजी. आपल्याकडे असते तर त्यांनी फणसाचे नाव घेतले असते.

आईचा पहिला लढा

एडची आई झोना रॉबर्ट्स. वडील रेल्वेत नोकरीला. रुग्णालयातून घरी आल्यावर एडचे शिक्षण टेलिफोनवरून सुरू झाले. वर्गात एक यंत्र बसवले आणि तो घरी पडून शिक्षकांचे बोलणे ऐकू लागला. झोनाबाईंना एवढ्यावर समाधान नव्हते. मुलगा लोकांपासून लपून राहतो आहे हे त्यांना दिसत होते. त्यांनी आग्रह धरला की आठवड्यातून निदान एकदा त्याने शाळेत जायचेच. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळल्या. एडला आधी शरम वाटली. मग त्याच्या लक्षात आले, की बघणाऱ्यांना बघू द्यावे, आपण मान खाली का घालायची? एखाद्या प्रसिद्ध नटाकडे लोक वळून बघतात, तसेच हे बघणे समजायचे असे त्याने ठरवले.

शाळा संपत आली तेव्हा नवेच संकट उभे राहिले. शारीरिक शिक्षण आणि मोटार चालवण्याचे प्रशिक्षण हे दोन विषय पूर्ण झाले नाहीत, म्हणून शाळा त्याला पदविका देईना. ज्या मुलाला हात उचलता येत नाही, त्याने मोटार चालवली नाही म्हणून नापास! झोनाबाई थेट शाळा मंडळापर्यंत गेल्या, भांडल्या आणि पदविका मिळवली. नियमापुढे गप्प बसायचे नाही, हा धडा एडला आईकडून मिळाला.

बर्कलीचे दार

सॅन मटेओच्या कॉलेजात शिकून झाल्यावर एडला बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात राज्यशास्त्र शिकायचे होते. खर्चासाठी त्यांनी राज्याच्या पुनर्वसन खात्याकडे अर्ज केला. अपंगांना रोजगारासाठी तयार करणे हेच या खात्याचे काम. खात्याने अर्ज नाकारला. हा माणूस इतका अपंग आहे की त्याला कधीच नोकरी लागणार नाही, मग त्याच्या शिक्षणावर पैसा कशाला घालवायचा, असे त्यामागचे कारण होते. आई आणि कॉलेजमधल्या मार्गदर्शक शिक्षिका वर्तमानपत्रांकडे गेल्या. बातमी छापून आल्यावर खात्याला निर्णय बदलावा लागला.

मग विद्यापीठ अडले. आयर्न लंग मावेल अशी एकही खोली वसतिगृहात नव्हती. शेवटी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राचे प्रमुख डॉक्टर हेन्री ब्रुइन यांनी विद्यापीठाच्याच कॉवेल रुग्णालयात एक खोली दिली. एडची अट होती की आपण तिथे रुग्ण म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणून राहू. १९६२ च्या शरद ऋतूत त्यांना प्रवेश मिळाला. त्याच हंगामात तिकडे मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ हा कृष्णवर्णीय तरुण सशस्त्र पहाऱ्यात पहिले पाऊल टाकत होता. विद्येच्या दारावर कोणाचा रंग अडवला जात होता, कोणाची खुर्ची.

एडची बातमी ऐकून आणखी व्हीलचेअरवरचे विद्यार्थी बर्कलीत आले. काही वर्षांत डझनभर जण कॉवेलमध्ये राहू लागले. त्यांनी आपल्या गटाला रोलिंग क्वाड्स असे मिश्कील नाव दिले. रात्री गप्पा रंगत, त्यातून राजकारण उमगत गेले. खात्याच्या एका समुपदेशकाने दोन विद्यार्थ्यांना अभ्यासात मागे पडले म्हणून बाहेर काढायचा घाट घातला, तेव्हा सगळे एकजुटीने उभे राहिले. विद्यार्थी राहिले, बदली झाली ती समुपदेशकाची. संघटित झाल्यावर काय होते हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

एड यांनी १९६४ मध्ये पदवी आणि १९६६ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. १९७० मध्ये सरकारी अनुदानातून विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्र सुरू झाले. मदतनीस शोधून देणे, पायऱ्या नसलेली घरे शोधणे, व्हीलचेअर दुरुस्त करणे अशी कामे तिथे होत. खुर्ची बिघडली की माणूस घरात अडकतो, हे ज्याची खुर्ची बिघडली आहे त्यालाच कळते. म्हणून हे केंद्र दिव्यांगांनीच चालवायचे, हा त्यांचा आग्रह होता.

विद्यापीठाबाहेर शहर होते आणि शहराच्या प्रत्येक कोपऱ्यावर फुटपाथची उंच कड होती. चालणाऱ्याला ती दिसतसुद्धा नाही. खुर्चीवरच्याला ती भिंत असते. या तरुणांनी नगर परिषदेकडे मागणी लावून धरली. सप्टेंबर १९७१ मध्ये बर्कलीच्या नगर परिषदेने रस्ते आणि फुटपाथ सर्वांना वापरता येतील असे करण्याचा ठराव केला. फुटपाथच्या टोकांना उतार आले. त्या उतारांवरून बाळाची गाडी ढकलणारी आई गेली, हातगाडीवाला गेला, काठी टेकत चालणारे आजोबा गेले.

१९७२ मध्ये बर्कलीत सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग म्हणजे स्वतंत्र जीवन केंद्र स्थापन झाले. रॉबर्ट्स लवकरच त्याचे प्रमुख झाले. स्वतंत्र जीवन याचा त्यांचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. सगळे स्वतःच्या हाताने करणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. कधी उठायचे, काय खायचे, कुठे जायचे, मदतनीस कोण ठेवायचा हे स्वतः ठरवणे म्हणजे स्वातंत्र्य. या अर्थाने ज्याला दोनच बोटे हलवता येतात तोही स्वतंत्र असू शकतो. आज अमेरिकेत अशी चारशेच्या आसपास केंद्रे आहेत आणि त्यांचा कारभार बहुसंख्येने दिव्यांगांच्याच हाती असावा, असा कायदा आहे.

संचालकाची खुर्ची

१९७५ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी रॉबर्ट्स यांची राज्याच्या पुनर्वसन खात्याच्या संचालकपदी नेमणूक केली. तेच खाते, ज्याने तेरा वर्षांपूर्वी हा माणूस कधीच काम करू शकणार नाही असा शेरा मारला होता. आता त्या खात्यातले सगळे अधिकारी त्यांच्या हाताखाली होते. १९८३ पर्यंत ते या पदावर राहिले. आपल्याला नाकारणाऱ्या व्यवस्थेचा सूड न घेता ती आतून बदलायची, हे त्यांनी करून दाखवले.

पँथरच्या हातचे जेवण

आता या चरित्रातला तो भाग, जो आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल.

अमेरिकेत १९७३ साली पुनर्वसन कायदा झाला. त्यातल्या कलम ५०४ नुसार सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला अपंगत्वामुळे भेदभाव करायला मनाई झाली. या कलमाची शब्दरचना कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून आलेल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावरून घेतली होती. पण नियमांवर सही झाल्याशिवाय कलम लागू होत नव्हते आणि चार वर्षे सही होईना. अखेर ५ एप्रिल १९७७ रोजी अनेक शहरांत धरणे सुरू झाले. सॅन फ्रान्सिस्कोत दीडशेच्या आसपास आंदोलक केंद्र सरकारच्या इमारतीत शिरले आणि तिथेच राहिले. जुडिथ ह्युमन आणि किटी कोन या दोघी आघाडीवर होत्या. कोणाला दर काही तासांनी कूस बदलून द्यावी लागे, कोणाला औषध लागे. तरी लोक तीन आठवड्यांहून अधिक काळ हटले नाहीत.

त्यांना रोज गरम जेवण कोणी दिले? ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने. होय, तीच ब्लॅक पँथर, जिच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पँथरचे ब्रॅड लोमॅक्स हे मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे व्हीलचेअर वापरत आणि ते स्वतः धरण्यात होते. १९७५ मध्येच त्यांनी रॉबर्ट्स यांची भेट घेऊन ओकलंडच्या कृष्णवर्णीय वस्तीत स्वतंत्र जीवन केंद्राची शाखा काढावी असे सुचवले होते आणि ती निघालीही होती. गरीब आणि कृष्णवर्णीय दिव्यांगाचे दुःख दुहेरी असते, हे लोमॅक्स जगत होते. अवघ्या ३३ व्या वर्षी, १९८४ मध्ये ते गेले. पँथरचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्या इतिहासात ही जेवणाची भांडीही आहेत, हे आपण विसरता कामा नये.

रॉबर्ट्स तेव्हा राज्याचे मोठे अधिकारी होते. तरीही ते उघडपणे आंदोलकांच्या बाजूने उभे राहिले. २८ एप्रिल १९७७ रोजी मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमांवर सही केली. ३० तारखेला आंदोलक विजयी होऊन बाहेर आले आणि त्या विजयसभेत रॉबर्ट्स बोलले. याच कलमाच्या पायावर पुढे २६ जुलै १९९० रोजी अमेरिकेचा दिव्यांग कायदा झाला. त्याने खासगी दुकाने, हॉटेले, बस आणि कार्यालये यांनाही बांधून घेतले.

देश बदलला की पायरी बदलते

१९८३ मध्ये रॉबर्ट्स यांनी जुडिथ ह्युमन आणि जोन लिऑन यांच्यासह वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑन डिसॅबिलिटी ही संस्था काढली. १९८४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. श्वासाचे यंत्र बरोबर घेऊन ते देशोदेशी फिरले. बर्कलीचा विचार अनेक देशांत पोहोचला, पण प्रत्येक देशाने त्यातले वेगळे काही घेतले.

स्वीडनचे उदाहरण घेऊ. अडोल्फ रात्स्का हे पोलिओग्रस्त जर्मन तरुण कॅलिफोर्नियात शिकले आणि १९७३ मध्ये स्वीडनला गेले. तिथे संस्थांमधून सोयी उत्तम होत्या, पण निर्णय दिव्यांगाच्या हाती नव्हता. रात्स्का यांनी १९८० च्या दशकात स्टॉकहोममध्ये दिव्यांगांची सहकारी संस्था उभारली. १९९४ पासून स्वीडनमध्ये कायद्याने असा हक्क आला, की ज्याला मूलभूत गरजांसाठी आठवड्याला वीस तासांहून अधिक मदत लागते, त्याच्या मदतनिसाचा पगार सरकार देते आणि मदतनीस तो स्वतः निवडतो. अलीकडे तिथेही निकष कडक होऊन अनेकांची मदत तुटली. हक्क एकदा मिळाला म्हणजे कायमचा झाला असे कुठेच नसते.

जपानमध्ये बसचा लढा झाला. सॅन फ्रान्सिस्कोत धरणे चालू होते त्याच एप्रिल १९७७ मध्ये कावासाकी शहरात व्हीलचेअरवरच्या लोकांनी बसमध्ये चढून बस अडवून धरल्या. पुढे काही जपानी तरुण बर्कलीत शिकून आले आणि १९८६ मध्ये टोकियोजवळच्या हाचिओजीत दिव्यांगांनी चालवलेले पहिले केंद्र सुरू झाले. २००० मध्ये वाहतुकीसाठी अडथळामुक्तीचा कायदा झाला. आज तिथल्या बहुतेक मोठ्या स्थानकांत लिफ्ट आहे आणि रेल्वे कर्मचारी घडीचा रॅम्प घेऊन डब्याच्या दाराशी उभा असतो.

इंग्लंडमध्ये दिव्यांग भेदभावविरोधी कायदा झाला तो रॉबर्ट्स गेले त्याच वर्षी, १९९५ मध्ये. लंडनच्या बसना आज रॅम्प आहेत, पण दीडशे वर्षांहून जुन्या भुयारी रेल्वेची साधारण एक तृतीयांशच स्थानके पायऱ्यांविना गाठता येतात.

खुद्द अमेरिकेतही चित्र एकसारखे नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरातली बार्ट रेल्वे १९७२ मध्ये सुरू झाली. दिव्यांगांनी बांधकामाआधीच आवाज उठवल्यामुळे तिच्या स्थानकांत लिफ्ट आल्या. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे जुनी. तिथली ९५ टक्के स्थानके सुगम करण्याचे वचन २०२२ मध्ये न्यायालयीन तडजोडीत मिळाले, तेही २०५५ पर्यंतचे. मदतनिसाचा देशभर समान हक्क अमेरिकेत आजही नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा. अमेरिकेने त्यावर सही केली, पण डिसेंबर २०१२ मध्ये सिनेटमध्ये पाच मते कमी पडली आणि मान्यता राहिली ती राहिलीच. भारताने मात्र तो करार १ ऑक्टोबर २००७ रोजीच मान्य केला.

आपला हिशेब

म्हणजे कागदावर आपण अमेरिकेच्याही पुढे आहोत. १९९५ च्या डिसेंबरमध्ये आपला पहिला दिव्यांग कायदा संसदेत मंजूर झाला. त्यासाठी संसदेबाहेर निदर्शने करणाऱ्यांत आघाडीवर होते जावेद आबिदी. ते स्वतः व्हीलचेअर वापरत आणि अमेरिकेतल्या ओहायो राज्यात शिकून आले होते. २०१६ च्या नव्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले, सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दिव्यांग आहेत २ कोटी ६८ लाख.

आणि जमिनीवर? एका तालुक्याच्या गावी आम्ही पंचवीस वर्षांच्या एका तरुणाला दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी घेऊन गेलो. तपासणी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. त्याच्या आईने त्याला पाठीवर घेतले. वर गेल्यावर त्याने आमच्याकडे पाहिले नाही. आमच्याही तोंडून शब्द फुटला नाही. चालता येत नाही याचा दाखला मिळवायला चाळीस पायऱ्या चढाव्या लागतात, यापेक्षा क्रूर परीक्षा कोणती? आपल्याकडे मदतनिसाचा हक्क म्हणजे आईची पाठ, बायकोची कंबर आणि बहिणीची सुटलेली शाळा.

झोनाबाईंची आठवण इथे येते. नवऱ्याच्या निधनानंतर त्या स्वतः बर्कलीत शिकल्या आणि पुढे त्याच स्वतंत्र जीवन केंद्रात काम करू लागल्या. मुलाला पगारी मदतनीस मिळाले म्हणून आईचे आयुष्य मोकळे झाले. दिव्यांगाचा हक्क हा घरातल्या बाईचाही हक्क असतो.

सरकारला जाब विचारायचाच आहे. पण त्याआधी आपल्या अंगणातही पाहू. आपली सभागृहे, वाचनालये, विहारे, जयंतीचे मंच यांना किती पायऱ्या आहेत? आपल्या किती समित्यांवर व्हीलचेअरवरचा माणूस निर्णय घ्यायला बसतो? त्याला उचलून मंचावर नेऊन सत्कार करणे ही समता नव्हे. त्याला स्वतःहून येता यावे आणि पटले नाही तर स्वतःहून निघूनही जाता यावे, ही समता. एक रॅम्प बांधायला आपल्याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

रॉबर्ट्स यांची व्हीलचेअर आज वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. बर्कलीत बार्टच्या ॲशबी स्थानकाला लागूनच त्यांच्या नावाची इमारत २०१० मध्ये उभी राहिली. तिच्या आत वरच्या मजल्यावर जाणारा लाल रंगाचा मोठा गोलाकार रॅम्प आहे. चालणारे आणि खुर्चीवरचे त्याच वाटेने, एकमेकांशी बोलत वर जातात.

एड रॉबर्ट्स यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!